येण्याचं कारण

ही हकीकत मी आठ हिवाळे टाळत आलो. दर वर्षी पौष लागला की वही घेऊन अंगणात बसायचो आणि दुसरंच काहीतरी लिहून उठायचो. एकदा शेवग्याच्या झाडावर लिहिलं. एकदा बायकोनं विणलेल्या स्वेटरवर लिहिलं. एकदा तर नुसत्या थंडीवर चार पानं भरली. सोलापूरच्या थंडीला चार पानं म्हणजे जरा जास्तच झाली, कारण इथं थंडी घाईतल्या पाहुण्यासारखी येते आणि उभ्याउभ्या पाणी पिऊन निघून जाते.

काल सकाळी शालननं, माझ्या बायकोनं, बाजारातून हुरडा आणला. भाजून, चोळून, पाखडून ताटली समोर ठेवली. हिरवे, टपोरे, अजून कोमट दाणे. मी एक दाणा चिमटीत धरून बसलो.

"खाणार का नुसता वास घेणार?" ती म्हणाली.

"खातो की."

"दर वर्सी हुरडा आला की तुमाला खोकला येतो. डॉक्टरला सापडंना झालाय तो. लिहून टाका एकदाचं. औषधं आणून आणून दमले मी."

मग ती आत गेली आणि मी तो दाणा तोंडात टाकला. कोवळ्या ज्वारीला आधी दुधाची चव असते, मग थोडी धुराची, आणि अगदी शेवटी जिभेच्या टोकावर गोड काहीतरी राहतं, ज्याला नाव नाही. त्या शेवटच्या चवीपाशी मला नेहमी अनसूयाबाईंचं परसदार दिसतं.

आमच्या घरापलीकडं आता दुमजली इमारत आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर भाडेकरू. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात, डोळे अर्धे मिटून पाहिलं, की ती इमारत धुक्यासारखी विरते आणि तिच्या जागी ते बैठं घर परत उभं राहतं: निळी खिडकी, दारात तुळस, आणि "रा, रा" अशी तेलुगूत हाक मारून मांजराला बोलावणाऱ्या बाई. त्या मूळच्या विणकरांच्या घरातल्या. वडिलांनी मागावर चादरी विणल्या आणि त्या चादरींवर मुलीला शिकवलं. बाई कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बावीस वर्षं आम्ही शेजारी होतो.

दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत होती. शेवग्याच्या मुळांनी ती एका जागी फोडली होती. माणूस तिरका होऊन सहज जाईल एवढं खिंडार. ते कधी कोणी बुजवलं नाही. शालनची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिकडं जायची, बाईंचा पुलिहोरा, म्हणजे आंबटगोड चिंचभात, इकडं यायचा. पुढच्या फाटकानं आम्ही एकमेकांकडं कधी गेलोच नाही. फाटक परक्यांसाठी असतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात फाटकाबाहेर ताडपत्री ठोकली गेली. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बाज, पाण्याचा माठ आणि बंदूकधारी दोन पोलीस. बाईंना संरक्षण मिळालं होतं.

पहिले आठ दिवस गल्लीला जत्रेची कळा होती. पोरं बंदूक बघायला यायची. मग गल्ली कंटाळली, कारण बंदुकीपेक्षा वही त्रासाची होती. बाईंकडं येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची असा हुकूम होता. हवालदार बिराजदार, अक्कलकोटकडचा मनुष्य, फोनवर घरच्यांशी कानडीत बोलायचा आणि आमच्याशी मराठीत. त्यानं पट्टीनं रकाने आखले होते: नाव, गाव, आल्याची वेळ, येण्याचं कारण, गेल्याची वेळ, सही. दूधवाला रोज लिहायचा, कारण: दूध. गॅसवाला लिहायचा, कारण: गॅस. एकदा बाईंचे जुने सहकारी आले आणि त्यांनी लिहिलं, कारण: सहज.

"सहज चालत न्हाई, सर," बिराजदार म्हणाला.

"अरे, पण मी सहजच आलोय."

"सहज कोण कुणाकडं येतंय हो आजकाल? कायतरी लिवा. आजारी हाईत म्हणून बघाय आलो, लिवा."

"त्या आजारी नाहीत."

"मग तुमी आजारी हाईत म्हणून लिवा की!"

आतून बाईंचं हसणं ऐकू आलं. त्या मोठ्यानं हसत. घाबरलेल्या माणसाचं हसणं वाटायचं नाही ते. पण संरक्षण मिळाल्यापासून त्या निळी खिडकी उघडत नव्हत्या, हे मी पाहत होतो.

मी मात्र खिंडारातून जायचो. पहिल्या दिवशी बिराजदारनं परसात मला पाहिलं आणि वही काखेत मारून आला. मग माझ्याकडं, भिंतीकडं, शेवग्याकडं बघून म्हणाला, "तुमचं नाव कशाला लिवू काका? तुमी तर घरचेच की." आणि वही मिटली. त्या मिटलेल्या वहीचं मला किती बरं वाटलं होतं, हे आज लिहिताना हात थोडा थांबतो.

आता कारणाकडं येतो.

माझी सगळी नोकरी कचेरीच्या दप्तरखान्यात गेली. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, त्यांची धूळ, कसर लागलेल्या कडा. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं मला मोडी शिकवली. मोडीत आधी पानभर सरळ रेघा मारतात, मग त्या रेघांना अक्षरं टांगत जातात, शब्दांत जागा न सोडता, हात न उचलता. वाचणाऱ्याला घाई चालत नाही. ओळ समोर धरून बसावं लागतं. खूप वेळ काही दिसत नाही आणि मग अचानक दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस कानापाशी बोलू लागतो. या सुखासाठी मी त्या धुळीत आयुष्य काढलं.

संरक्षणाच्या आदल्या श्रावणात बाई एका जुन्या कागदाच्या छायाप्रती घेऊन खिंडारातून आल्या. "भाऊ, मला मोडी अडखळत येते. हे तुम्ही वाचाल का?" एका गावच्या यात्रेचा महजर होता, म्हणजे गावानं एकत्र बसून, सगळ्यांच्या साक्षीनं केलेला निवाडा. चार दुपारी मी तो वाचला. बाहेर पावसाची भुरभुर होती, मी वाचायचो आणि बाई उतरवून घ्यायच्या. पालखीपुढचा पहिला विडा कुणाचा, एवढाच प्रश्न. कागद सांगत होता, की तो मान गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका घराण्याचा होता. आज त्या वस्तीला पालखीच्या मागंही उभं राहू देत नाहीत. आणि कागद हेही सांगत होता, की एका दुष्काळात त्याच घराण्यानं पोरं जगवायला दोन मण जोंधळ्यांवर तो मान सोडून दिला.

खाली साक्षी होत्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपापलं अवजार काढलं होतं. कुणब्यानं नांगर, लोहारानं हातोडा, न्हाव्यानं आरसा, साळ्यानं धोटा. बाईंनी त्या धोट्यावर बोट ठेवलं. मागावर इकडून तिकडं धावणारा तो लाकडी मासा त्यांनी वडिलांच्या हातात पाहिला होता.

"बघा हो भाऊ," त्या म्हणाल्या, "अक्षर येत नव्हतं, तरी साक्ष दिली."

मी कौतुकानं मान हलवली. आणि त्याच दुपारी, चहा पिता पिता, म्हणालो, "बाई, तुम्ही लिहिताय त्या पुस्तकात माझं नाव घालू नका."

"का हो?"

"आमचा प्रशांत चिंचोळीच्या कारखान्यात कामाला आहे. त्याचे मालक त्या यात्रेच्या गावाकडचेच. उगाच कशाला."

बाई हसल्या. "वाचणारा पडद्यात आणि लिहिणारी उन्हात! बरं. नाही घालत. शब्द."

मुलाचं नाव मी पुढं केलं, तेही आज लिहून टाकतो. प्रशांतला कोणी काही बोललं नव्हतं, पुढंही कधी बोललं नाही. भीती माझी होती, आणि तिला अंगावर घालायला मी मुलाचा सदरा घेतला.

दिवाळीत पुस्तक आलं आणि दोन्हीकडून आग लागली. आज मान असलेले म्हणाले, बाईंनी आमची यात्रा बाटवली. वस्तीतले म्हणाले, आमचे आजे-पणजे दाण्यांवर मान विकणारे नव्हते. दोन्ही बाजूंनी न पटणारं लिहिलं म्हणजे ते खरं असेल, असा एक बाळबोध विश्वास बाईंना होता. मला त्यांची सगळीच मतं पटत नव्हती. भाषणात त्या फार धारदार बोलत, समोरच्याला परतायला वाट ठेवत नसत. पण कागद कागद होता. तो मी वाचला होता.

धमक्यांची पत्रं आली. एका सभेत दगड आला. मग ताडपत्री आली.

आणि या सगळ्यात हुरड्याचे दिवस आले. माणूस मोठा विचित्र प्राणी आहे. त्या महिन्याभराचं आठवायला बसलो, तर दगड आठवत नाही. आठवतो तो बिराजदारनं गावाकडून आणलेल्या कणसांचा भारा. सुट्टीवरून परत येताना तो एसटीच्या टपावर टाकून घेऊन आला होता. बाईंच्या परसात खड्डा खणून त्यानं आगटी केली, गोवऱ्या रचल्या. ऊन उतरणीला लागलेलं. निळसर धूर जमिनीलगतच रेंगाळत होता, जणू त्यालाही कुठं जायचं नव्हतं. बंदूक शेवग्याला टेकवलेली. बिराजदार कणसं निखाऱ्यात खुपसायचा, काढायचा आणि तळहातांमध्ये चोळायचा. वाफेसकट दाणे सुपात पडत.

"गरम गरम घ्या मॅडम. गार झाला की हुरडा सरकारी होतोय."

"म्हणजे कसा?" बाईंनी विचारलं.

"चाववत न्हाई आन् गिळवतबी न्हाई!"

शालन भिंतीपलीकडून चटणीचं भांडं घेऊन आली. बाई जमिनीवर बसल्या होत्या, हात काळे, ओठांना काजळी. त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर घातले आणि हळूच म्हणाल्या, "याच ज्वारीवर दिला होता हो भाऊ, त्यांनी मान. दोन मण." चिमण्यांचा एक थवा शेवग्यावर उतरला आणि काहीतरी आठवल्यासारखा उडून गेला. दूरवरून एका यंत्रमागाची खटखट येत होती. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी पूर्ण सुखी असण्याच्या ज्या पाचसहा दुपारी आहेत, त्यातली ती एक आहे. तीच मला झोपेत दिसते. फक्त स्वप्नात माझ्या हातावरचे दाणे गार असतात.

पौषात बाईंवर नवा आरोप आला. त्यांना मोडी येतच नाही, सगळं वाचन बनावट आहे, दोन समाजांत तेढ लावायला कागद रचला. तक्रार झाली. मूळ कागद ज्या घरात होता त्या घरानं दार लावून घेतलं. बाईंकडं उरल्या छायाप्रती. त्या म्हणाल्या, वाचन जाणत्या माणसाकडून करून घेतलं आहे. विचारलं, कोणाकडून? त्या म्हणाल्या, नाव सांगणार नाही, शब्द दिला आहे.

म्हणजे सगळं एका माणसाच्या तोंडावर येऊन थांबलं होतं. त्यानं "हो, मी वाचलं" म्हटलं असतं तर बाई खऱ्या ठरल्या असत्या. नाही म्हटलं तर खोट्या.

भोगीच्या दिवशी, अकराच्या सुमारास, चौकशीला एक अधिकारी आले. सभ्य, तरुण, थकलेले. आमच्या ओसरीवर बसले. मागं बिराजदार उभा, काखेत वही. आत शालन बाजरीच्या भाकरीवर तीळ थापत होती. तव्यावर तीळ तडतडत होते, त्या वासानं ओसरी भरली होती. अजूनही तीळ भाजले की मी ओसरीवरून उठून जातो.

"बाईंशी संबंध कसे आहेत, माने साहेब?"

"शेजारी आहोत. नमस्कारापुरतं."

"जाणं-येणं?"

"नाही."

त्यांनी हात मागं केला. बिराजदारनं वही दिली. अधिकाऱ्यांनी पानं उलटली, एक, दोन, दहा. दूध, गॅस, दूध, पोस्ट, दूध. "खरंच की. शेजारी असून यांचं एकदाही नाव नाही."

"न्हाई, साहेब," बिराजदार म्हणाला.

"तुम्ही दप्तरखान्यात होता. मोडी येत असेल?"

"येत होती. आता डोळे राहिले नाहीत."

माझे डोळे तेव्हा इतके चांगले होते, की वहीतल्या उलट्या ओळीसुद्धा मी समोरून वाचत होतो.

त्यांनी चहा संपवला, आभार मानले. उठताना सहज म्हणाले, "एक नाव मिळालं असतं तर बरं झालं असतं. बाई हट्टी दिसतात." आणि गेले. बिराजदार दारात क्षणभर थांबला. माझ्याकडं न बघता वही बगलेत सरळ केली.

"वहीत न्हाई म्हंजी न्हाईच की, काका."

एवढंच म्हणाला. आत तव्यावरची भाकरी करपली. शालननं ती तशीच माझ्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. शालन फाटकानं बाईंकडं गेली आणि तिनं वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, कारण: तिळगूळ. खिंडारातून गेली नाही. का, ते मी विचारलं नाही. मी घरात होतो. गोड बोला म्हणायचं तर समोर उभं राहावं लागतं.

पुढच्या आठवड्यात मी गवंडी बोलावला. मोकाट कुत्री येतात, खिंडार बुजवायचंय. गवंड्यानं विटा आणल्या, माल कालवला. त्या आवाजानं बाई परसात आल्या आणि पलीकडं उभ्या राहिल्या. मी इकडं. पहिल्या थरांना त्या अख्ख्या दिसत होत्या. मग कमरेपासून वर. मग खांदे आणि चेहरा. मी बऱ्याचदा हे परत पाहतो, एखादं चित्र खालून वर पुसत जावं तसं.

"कुत्री फार झाली का हो भाऊ?"

"हो ना, बाई."

"बरं केलंत मग." आणि गवंड्याला म्हणाल्या, "दादा, ती वीट जरा तिरकी लागलीय. चहा घेणार का?"

गवंड्यानं भिंतीवरून चहाचा पेला घेतला. भिंत नवी म्हणून त्यानं तेवढ्या जागी सहा थर वर चढवले. शेवटी बाईंचे पांढरे केस दिसत होते, मग तेही नाही. नुसता आवाज आला, "रा, रा," आणि मांजर इकडून तिकडं जायला वाट शोधत भिंतीच्या कडेनं फिरत राहिलं.

भिंत मी का बांधली ते मला तेव्हाही कळत होतं. खिंडार होतं तोवर बाई कधीही येऊन विचारू शकत होत्या. खिंडार बुजल्यावर मला जायचं तर फाटकानं जावं लागणार होतं, आणि वहीत नाव घालावं लागणार होतं, आणि कारण.

त्यांनी कधी विचारलं नाही. माझं नावही काढलं नाही. चौकशीच्या कागदात "वाचनास दुजोरा मिळाला नाही" अशी ओळ पडली, प्रकाशकानं पुस्तक मागं घेतलं, व्याख्यानांची बोलावणी थांबली. ज्या दुकानात त्या वाणसामान घेत तिथं कोणीतरी "बनावट बाई" म्हणालं, हे शालननं सांगितलं. माघात त्यांनी घर विकलं आणि पुण्याला भाचीकडं निघाल्या. ट्रकमध्ये सामानापेक्षा पुस्तकं जास्त. फाटकापाशी त्या मला म्हणाल्या, "यंदा शेवग्याच्या शेंगा तुम्हीच काढा हो, भाऊ." मी "हो" म्हणालो. त्या दिवशी माझ्या तोंडून तेवढा एकच खरा शब्द निघाला, आणि तोही मी पाळला नाही. शेंगा झाडावरच वाळल्या.

ताडपत्री गेली तेव्हा जमिनीवर पिवळ्या गवताचा एक चौकोन राहिला. पावसाळ्यात तोही हिरवा झाला.

दिवस जातात तसं मनाला सवय लागते म्हणतात. माझं उलटं झालं. वर्षभर मी बरा असतो. बोरं येतात, पेरू येतात, तेव्हाही बरा असतो. मग एका सकाळी हवेत भाजक्या ज्वारीचा वास येतो आणि आतलं सगळं तिरकं होतं, त्या एका विटेसारखं. ती वीट अजून तशीच आहे. गिलावा करायला मी कोणाला हात लावू दिलेला नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी शालन म्हणाली, "पुण्याला जाऊन या. गुडघं हाईत तोवर."

मी गेलो. हुरडा घेतला, तिनं केलेली शेंगाचटणी घेतली. आदल्या दिवशी एक कागद लिहिला. कोरा पांढरा कागद, काळी शाई, सुवाच्य अक्षर. बोलता आलं नाही तर हातात देऊ म्हणून. घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवला. एसटीत सहा तास मी त्या खिशावर हात ठेवून बसलो होतो.

भाचीची सोसायटी मोठी होती. बाईंचं पोलिस संरक्षण केव्हाच उठलं होतं, पण फाटकावर वॉचमन होता आणि त्याच्यापुढं वही. मी नाव सांगितलं. त्यानं वर फोन लावला, ऐकलं आणि म्हणाला, "जा बाबा. मॅडम म्हणतात घरचेच आहेत, नाव लिहून घेऊ नका."

मी तिथं उभा राहिलो. "नाही," म्हणालो, "मी लिहितो."

"गरज नाही हो."

"मला लिहू दे."

त्यानं खांदे उडवून पेन दिलं. मी पूर्ण नाव लिहिलं, दत्तात्रय गणपत माने. गाव, सोलापूर. वेळ. आणि मग तो रकाना आला, कारण. मागं एक गाडी हॉर्न वाजवायला लागली. पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत चाललेला. मी लिहिलं: हुरडा.

बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. खूप लहान झाल्या होत्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. "मानेभाऊ! भाजून आणलात की कच्चा?" मी भाचीच्या गॅसवर दाणे परत गरम केले, मऊ होते तेवढे निवडून वाटीत घातले. त्यांनी एकेक दाणा ओठांनी चाचपून खाल्ला. "धूर नाही हो याला," म्हणाल्या, आणि हसल्या. तसंच मोठ्यानं. बिराजदारची चौकशी केली. मांजराची केली. ऊन त्यांच्या पायांवरून हळूहळू सरकत होतं.

मग वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "भाऊ, ते वाचन बरोबर होतं ना हो?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या माझी उलटतपासणी करत नव्हत्या. त्या खरोखरच विचारत होत्या.

"अगदी बरोबर होतं, बाई. शब्द न् शब्द."

"मग झालं." त्यांनी खुर्चीला मान टेकवली. "एवढे सगळे चूक म्हणाले ना. अधूनमधून मलाच वाटायचं, मी ऐकताना काही वेगळं लिहून घेतलं की काय."

तोवर मला एवढंच ठाऊक होतं, की मी त्यांचं घर घालवलं. त्यांचा स्वतःवरचा विश्वासही मीच नेला होता, हे मला त्या खोलीत कळलं. हात खिशात गेला. कागदाची घडी बोटांना लागली. बाई वाट पाहत असाव्यात, किंवा नसाव्यात. मी म्हणालो, "चटणी तिखट तर नाही ना झाली?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "शालनताईंच्या हातची आहे."

खाली आलो. वॉचमननं वही पुढं केली, गेल्याची वेळ टाकायला. माझ्याच वळणदार अक्षरातलं ते "हुरडा" तिथं होतं. मी त्याच्यावर रेघ मारायला पेन टेकवलं.

"अहो बाबा," तो म्हणाला, "खाडाखोड चालत नाही वहीत."

तीस वर्षं हेच मी नव्या कारकुनांना सांगत आलो होतो. मी वेळ टाकली, सही केली आणि एसटी स्टँडकडं निघालो.

गेल्या आषाढात बाई गेल्या. भाचीचा फोन आला होता.

परवा थंडीचं म्हणून शालननं स्वेटर काढून उन्हात टाकला. कागद खिशातच आहे. घडीवर शाई थोडी फिकी झाली आहे, पण वाचता येते. "बाई, तो महजर मी वाचला होता. भोगीच्या दिवशी मी खोटं बोललो आणि तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात. भिंत कुत्र्यांसाठी बांधली नव्हती. मला क्षमा करा." खाली पूर्ण नाव आणि सही. वर तारखेची जागा मी मोकळी सोडली होती. ज्या दिवशी त्यांच्या हातात देईन, त्या दिवशीची घालू म्हणून.